रिव्हर्स इंजिनिअरिंग: यात 'उलट' काय आहे?

प्रश्न: रिव्हर्स इंजिनिअरिंगला मराठीत काय म्हणावं? एका लेखात 'उलट अभियांत्रिकी' वाचलं आणि यंत्र मागे फिरवतात की काय असं वाटलं. की चोरीचंच हे सभ्य नाव?

उत्तर: उलटी आहे ती दिशा. एरवी आधी ड्रॉइंग, मग वस्तू. इथे वस्तू हातात असते आणि तिच्यावरून ड्रॉइंग काढायचं असतं. माझी मावशी अंगाला नेमका बसणारा जुना ब्लाउज उसवायची, पाठ, बाह्या, कटोऱ्या सुट्या करून इस्त्री फिरवायची आणि वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखायची. शिलाईत किती कापड दाबलंय तेही टिपायची. तो आखलेला कागद म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग. नवा ब्लाउज ही पुढची गोष्ट.

नक्कल वेगळी, पण तीही आंधळेपणानं होत नाही. १९४४ साली जपानविरुद्धच्या हल्ल्यांनंतर तीन अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं सोव्हिएत हद्दीत उतरली. रशियनांनी एक पूर्ण सुटं केलं, एक उडवून बघायला घेतलं, एक पडताळ्यासाठी तसंच ठेवलं. १९४७मध्ये त्यावरून केलेलं रशियन विमान, टीयू-४, उडालं. खरी पंचाईत पत्र्यानं केली. मूळ माप इंचात, १/१६ इंच म्हणजे १.५८७५ मिलिमीटर, रशियन पत्रा मेट्रिक मापाचा. मग कुठे जाड चालेल, कुठे पातळ, हे नव्यानं ठरवत बसावं लागलं. 'हे इतकंच जाड का?' याचं उत्तर शोधणं, हाच या शब्दाचा गाभा.

चोरीचं म्हणाल तर, आपल्या १९७०च्या कायद्यानं औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, बनवायच्या कृतीला होतं. ते २००५पर्यंत चाललं. त्यामुळे रेणू ओळखून वेगळ्या कृतीनं तो बनवणं कायद्यात बसत होतं.

मराठीत मी क्रियापद 'उकलून काढणं' वापरेन. नाम आहे तसंच राहू द्यावं. 'व्युत्क्रम अभियांत्रिकी' कुणी बोलणार नाही.

प्रतिसाद: आमच्या वर्कशॉपात गिऱ्हाईक झिजलेला पार्ट टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, 'सॅम्पलवरून करून द्या.' झिजेच्या आधीचं माप काय असेल, ते आम्ही व्हर्निअर लावून ताडायचं. पण ऑफिसात साहेब नफ्याचा आकडा आधी सांगतात आणि आम्ही खर्च त्यात बसवतो, त्यालाही हाच शब्द वापरतात. चालेल?

उत्तर: त्याला शाळेत 'उत्तर बघून गणित करणं' म्हणायचे.