अकरावी-बारावीच्या पोरांना काम्यू कशाला?

फळा-खडू, फोंडा

यंदा बारावी आर्ट्सला अवांतर वाचन म्हणून फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची 'द आउटसायडर' लावली आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आधी बोर्डाचं पुस्तक संपवा, मग पोरांना निराश करा."

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४२ ची छोटी कादंबरी, दोन भाग, अकरा प्रकरणं. अल्जिरिया तेव्हा फ्रेंचांची वसाहत, आणि मेर्सो हा तिथल्या अल्जीअर्स शहरातला फ्रेंच कारकून. वृद्धाश्रमात आई वारते. तो जातो, पण रडत नाही. रात्री शवपेटीपाशी बसून दूध घातलेली कॉफी पितो, सिगरेट ओढतो. मयत आटोपून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढे रेमंड नावाच्या शेजाऱ्याच्या भानगडीत अडकतो आणि भर उन्हात समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो. जरा थांबून आणखी चार. खटल्यात मात्र खल होतो तो आईच्या मयताला हा रडला का नाही यावर, आणि शिक्षा होते देहदंडाची.

माझं म्हणणं, आपल्या पोरांना हे पुस्तक जड जात नाही. कॉफीच्या प्रसंगाला वर्गातून चक्क "शी!" ऐकू आलं. मयत उचलेपर्यंत घरात चूल पेटत नाही, शेजारी पेज घेऊन येतात, आणि तीही दोनदा नको म्हटल्यावरच घ्यायची असते, हे पेडण्या-सत्तरीच्या पोरांना शिकवावं लागत नाही. कोण किती रडलं, कुठली सून कोरड्या डोळ्यांनी भांडी घासत होती, याची उजळणी तेराव्यापर्यंत चालते. एका ख्रिश्चन मुलीनं सांगितलं, त्यांच्या वाड्यावरही महिन्याच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कोण काळे कपडे घालून आलं नाही हे टिपणाऱ्या बायका आहेत. मी विचारलं, "या बायकांना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं तर?" त्यानंतर तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी दप्तर उचललं नाही.

"अस्तित्ववाद म्हणजे काय ते थोडक्यात लिहा" हा प्रश्न मी घातलेलाच नाही. काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला तयार नव्हता, मग पोरांकडून ते कशाला वदवून घ्या?

दोन मुलांची आई, म्हापसा

सर, तुमचा तास रंगला असेल, नाही म्हणत नाही. पण सतरा वर्षांचं पोर आधीच दार लावून बसतं. काय झालं विचारलं तर "काही नाही." जेवलास का? "बघतो." त्याच्या हातात तुम्ही असा नायक देताय की ज्याला कशाचंच काही नाही, आणि वर सांगताय की खरा तोच, बाकी सगळे ढोंगी. यांच्यातल्या निम्म्यांनी घरातलं एकही मयत जवळून पाहिलेलं नाही. रडण्यातला खोटेपणा ओळखायला शिकवायची एवढी घाई का? आधी खरं रडणं तरी बघू देत.

डिचोलीकर

ताई, पोर रात्री मोबाइलवर काय काय बघतं ते एकदा बघा. त्यापुढे काम्यू सोवळ्यातला वाटेल.

दोन मुलांची आई, म्हापसा

मोबाइलवरचं त्याला कोणी शिकवत नाही, दादा. शाळेनं हातात दिलं की "हे चांगलं" असा शिक्का बसतो.

मडगावचा वकील

माझाही विरोध, पण कारण वेगळं. सरांनी पेज, सुतक, मीस सगळं आणलं आणि वर्ग खिळवून ठेवला. पुस्तकाची चलाखी नेमकी तीच आहे. आपण सुतकात इतके गुंततो की मेलेल्या माणसाची आठवणच राहत नाही. त्याला नाव नाही. अख्ख्या खटल्यात त्याच्याबद्दल कोणाला काही पडलेलं नाही.

मेर्सो खोटं बोलायला नकार देतो, हे काम्यूनं १९५५ च्या प्रस्तावनेत स्वतःच म्हटलंय. बरं. मग रेमंडच्या बाईला फसवून बोलावणारं पत्र कोणी लिहिलं? मेर्सोनं. रेमंडनं तिला बडवल्यावर पोलिसांत त्याच्या बाजूनं साक्ष कोणी दिली? मेर्सोनं, तीही रेमंडनं सांगितलं तेवढ्यावर. मेलेला माणूस त्याच बाईच्या बाजूनं आलेला होता. याला सत्यवादी म्हणायचं तर आमच्या कोर्टातले अर्धे साक्षीदार हरिश्चंद्र.

धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक. आपल्याकडे, १८७२ च्या पुरावा कायद्यात काय किंवा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात काय, आरोपीनं आपण होऊन चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिल्याशिवाय त्याच्या वाईट चालीचा पुरावा आणता येत नाही. कॉफी, सिगरेट, सिनेमा, सगळं बाजूला पडलं असतं. आणि तरी तो दोषीच ठरला असता! गोळ्या झाडल्याचं तो कबूल करतोय, पहिलीनंतर थांबला होता हेही. फक्त हुतात्मा झाला नसता. त्या काळच्या अल्जिरियात अरबाला मारल्याबद्दल गोऱ्याला गिलोटिनवर चढवतील हेच मुळात पटण्यासारखं नाही, असंही टीकाकारांनी लिहून ठेवलंय.

आता सांगा, १९६१ च्या आधी कळंगुटच्या वाळूत एखाद्या पाखल्यानं, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजानं, आमच्या माणसाला पाच गोळ्या घातल्या असत्या, आणि कादंबरीत त्या माणसाला नुसता "एक नेटिव्ह" म्हटलं असतं, तर तुम्ही पेजेबद्दल बोलला असता?

फळा-खडू, फोंडा

वकीलसाहेब, हे वर्गात येऊन बोला, मी माझा तास देतो. पण यातून "शिकवू नका" कसं निघतं? उलट गोव्यात हे आधी शिकवायला हवं.

काम्यूला तिथली माणसं दिसत नव्हती असं नाही. १९३९ मध्ये 'आल्जे रेपुब्लिकें' या वर्तमानपत्रात अल्जिरियाच्या कबिलिया भागातल्या उपासमारीवर लेखमाला त्यानंच लिहिली. मग कादंबरीत नाव न देणं हा मेर्सोचा आंधळेपणा की काम्यूचा? माझ्या मते मेर्सोचा, पण वर्गात मी हे सांगत नाही, भांडू देतो. कमेल दाऊद या अल्जिरियन लेखकानं २०१३ मध्ये मेलेल्याच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्याला मुसा हे नाव दिलं. तिची सुरुवातीची पानं दुसऱ्या भागाबरोबर देतो.

ताई, तुमच्यासाठी एवढंच, की काम्यू स्वतः सतरा वर्षांचा असताना क्षयानं अंथरुणाला खिळला होता. बाप पहिल्या महायुद्धात गेला तेव्हा हा वर्षाचाही नव्हता. आई निरक्षर, लोकांच्या घरी साफसफाई करणारी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं ते शाळेतल्या लुई जेर्मां या मास्तरांनी, आणि १९५७ चं नोबेल मिळाल्यावर आईनंतर पहिली आठवण त्यांचीच झाली असं त्यानं त्यांना पत्रात कळवलं. खाऊन-पिऊन सुखी माणसाची ही निराशा नव्हे. शेवटच्या पानावर मेर्सो पुन्हा सगळं जगायला तयार असतो, तिथपर्यंत पोरांना नेणं हे माझं काम.

मडगावचा वकील

मुसाची सुरुवातीची पानं. मेर्सो पूर्ण. नाव मिळायला सत्तरेक वर्षं लागली, आणि ते मिळालं तरी तुमच्याकडे तो अवांतराचं अवांतरच.

सत्तरीकर

मराठी शाळेतून आलेलं आमचं पोर फ्रेंच पुस्तक इंग्रजीतून वाचणार आणि चर्चा मराठीत करणार. द्राविडी प्राणायाम कशाला? नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. धाकटी बहीण मनी देवीनं जाते तिथे नायक पांडुरंगाचं काय होतं ते वाचायला कोणाची मध्यस्थी लागत नाही.

फळा-खडू, फोंडा

'कोसला' द्याच, माझा विरोध कशाला? पण जाडी बघा. अवांतराला आठवड्याचा एक तास मिळतो, तोही सायन्सवाल्यांच्या प्रॅक्टिकलला जागा लागली की जातो.

बारावीतली

मी दुसऱ्या हायर सेकंडरीत आहे. आमच्याकडे हेच पुस्तक नोट्सवर झालं. "थीम्स: अॅब्सर्ड, एलियनेशन", झेरॉक्स घ्या, पाठ करा. मी मूळ पुस्तक वाचलं ते नोट्स कळेनात म्हणून.

मेर्सो मला आवडला नाही. त्याची मैत्रीण मारी विचारते लग्न करशील का, तर म्हणे तुला हवं तर करू! पण इथे सगळे आईवरच बोलताय, सालामानोच्या कुत्र्यावर कोणीच नाही. तो म्हातारा शेजारी खरूज झालेल्या कुत्र्याला आठ वर्षं रोज दोन वेळा फिरवतो, मारतो, शिव्या घालतो. कुत्रा हरवतो तेव्हा "गेला तर गेला, मरू दे" करत खोलीत जातो, आणि रात्री भिंतीपलीकडून विचित्र आवाज येतो. रडत असतो. त्या वेळी मेर्सोला आईची आठवण येते, का ते त्याला कळत नाही, आणि तो न जेवता झोपतो. काकी, याला काही वाटत नाही असं कसं म्हणता? आणि वकीलकाका, हे पान कोर्टात कोणी वाचलं असतं तर त्याला वाचवायला उपयोग झाला असता का, मला खरंच विचारायचंय.

मडगावचा वकील

नाही. पाच गोळ्यांना कुत्र्याचं उत्तर चालत नाही. पण माझ्या ज्युनियरपेक्षा तू फाइल नीट वाचतेस.

दोन मुलांची आई, म्हापसा

हे पान मी वाचेन. तरी माझं म्हणणं तेच. तू पुस्तक उघडलंस म्हणून तुला कुत्रा सापडला. झेरॉक्सवाल्यांच्या हाती काय राहणार? "काही वाटत नाही" एवढंच, तेही इंग्रजीत, स्टेटसला.

बारावीतली

झेरॉक्सवाले कशाचीही झेरॉक्सच काढतात, काकी. त्यांच्यासाठी आम्ही का थांबायचं?

दोन मुलांची आई, म्हापसा

बाय, त्यातला एक माझ्या घरात आहे म्हणून.