नवं कीबोर्ड वर्कस्टेशन आता घेऊ की जानेवारीची वाट पाहू? (नागपूर)

नमस्कार मंडळी. नागपुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती-नवरात्र, मग लग्नाचा हंगाम. सध्या रोलँड एक्सपीएस-१० आहे. शहनाई-बासरीचे सँपल (रेकॉर्ड केलेले आवाज) भरून त्याच्याकडून भरपूर काम करून घेतलं, पण आता पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास असे थर एका गाण्यात लावायचे तर ते तोकडं पडतं.

बजेट रोलँड फँटम-०६ किंवा यामाहा मोडेक्स एम६ पर्यंत जाईल. पण ज्याला विचारावं तो म्हणून राहिला, "थांब बावा, नवीन येऊन राहिलं." कोणी कॉर्गच्या नॉटिलसचा वारस म्हणतो, कोणी फँटम-० ची पुढची आवृत्ती. पुरावा कोणाकडेच नाही, सगळा सालांचा हिशोब. तो अगदीच फालतू नाही म्हणा. यामाहाचा माँटाज २०१६ चा, त्याचा हलका भाऊ मोडेक्स २०१८ चा. माँटाज एम २०२३ ला आला, तर मोडेक्स एम २०२५ ला. रोलँडचा फँटम २०१९, फँटम-० २०२२, फँटम ईएक्स २०२४, म्हणून आता धाकट्या फँटम-० ची पाळी. कॉर्गला मात्र हे पंचांग लागू नाही: २०११ च्या क्रोनॉसनंतर नॉटिलस यायला २०२० उजाडलं!

जानेवारीत अमेरिकेत अनाहाइमला नॅमचं वाद्यांचं प्रदर्शन असतं, घोषणा त्याच सुमारास होतील असं सगळे धरून चाललेत. तेव्हा इकडे पौष, लग्नं बंद, थांबायला सोयीचं. पण तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घेऊन बसलोय. शिवाय घोषणा झाली तरी बर्डीवरच्या दुकानात पीस येईस्तोवर उन्हाळा सरायचा.

नॉटिलसचा आवाज आवडतो, पण ६१ चाव्यांचा तो १३ किलोच्या घरात, फँटम-०६ साधारण ६ किलो. आणि लॉनवर जनरेटर बदलताना लाइट गेली की नॉटिलस परत सुरू व्हायला वेळ घेतो. तेवढा वेळ नवरी स्टेजवर तशीच उभी! कोणी असं निभावलंय का? आणि थांबण्यात खरंच फायदा आहे का?

प्रतिसाद: भाऊ, अफवेपायी हंगाम सोडू नका. ईएक्स आला तेव्हा मोठ्या फँटमवाल्यांना तेच अपग्रेड विकत घेऊन जुन्याच यंत्रात टाकता आलं. नवं नाव आलं म्हणून हातातलं भंगार होत नाही. फक्त फँटम-०६ च्या चाव्यांना आफ्टरटच (दाबलेली चावी अजून दाबून आवाज बदलायची सोय) नाही, हे धरून चला. लाइटसाठी छोटा यूपीएस लावा, मग कुठलंही घ्या.

धागाकर्ता: आफ्टरटचवाचून अडत नाही, शहनाईची मींड बेंडरवरच (सूर वरखाली ओढायच्या दांड्यावर) काढतो. यूपीएसचं पटलं. मग एक्सपीएस-१० विकून टाकू?

प्रतिसाद: नका. सगळे सँपल नव्यावर नीट वाजेपर्यंत तो स्टँडच्या खालच्या मजल्यावर राहू द्या.

धागाकर्ता: ठीक. या आठवड्यात दोन्ही हेडफोनवर वाजवून पाहतो. मोडेक्स एम६ लग्नात वाजवणारं कोणी असेल तर अजून लिहा.