'वेगवाढ' म्हणावं की 'क्षमतावाढ'?

प्रश्न : इथेरियम या ब्लॉकचेनचं (व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक जाळ्याचं) अपग्रेड आलं की 'आता व्यवहार जलद आणि स्वस्त होणार' असं सरसकट लिहिलं जातं. स्केलिंगला, म्हणजे जास्त व्यवहार मावतील असे बदल करण्याला, 'वेगवाढ' म्हणणं बरोबर आहे का? आणि 'गॅस' म्हणजेच फी का?

उत्तर : 'वेगवाढ' नको, त्याने दिशाभूल होते. 'क्षमतावाढ' म्हणा. इथेरियमचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, दर १२ सेकंदांनी येतो. एका ब्लॉकची गॅस मर्यादा (त्यात किती काम मावेल ती) २०२५च्या सुरुवातीला ३ कोटी होती, ती त्याच वर्षात टप्प्याटप्प्याने ६ कोटींवर गेली. साध्या हस्तांतराला २१,००० गॅस लागतो. नुसती हस्तांतरंच भरली तर एका ब्लॉकमध्ये ३ कोटींना १,४२८ मावत, ६ कोटींना २,८५७ मावतात. सेकंदाला ११९ची २३८ झाली खरी, पण ब्लॉक येतो १२ सेकंदांनीच. गर्दी नसेल तर एकट्यादुकट्या व्यवहाराला काहीच फरक पडत नाही.

गॅस हे कामाचं माप आणि फी ही त्या कामाची किंमत. दर २ ग्वेई (ग्वेई म्हणजे इथर या इथेरियमच्या चलनाचा एक अब्जांश) असेल तर २१,००० गॅसचे ४२,००० ग्वेई होतात, म्हणजे ०.००००४२ इथर. क्षमता वाढल्यावर उतरतो तो दर. हस्तांतराचे २१,००० तसेच राहतात. म्हणून 'गॅस कमी झाला' ऐवजी 'गॅसचा दर उतरला' असं लिहावं.

पुरवणी : 'दर उतरेल' हेही छातीठोकपणे लिहू नये. ऑगस्ट २०२१च्या लंडन अपग्रेडपासून गॅसचा मूळ दर (बेस फी) आपोआप ठरतो: ब्लॉक निम्म्याहून जास्त भरला तर पुढच्या ब्लॉकला तो वाढतो, कमी भरला तर घटतो, आणि एका वेळचा बदल जास्तीत जास्त १२.५ टक्के. मर्यादा वाढली की ही निम्म्याची रेषाही वर जाते, त्यामुळे तेवढ्याच मागणीला दर खाली येतो. मागणी वाढली की पुन्हा चढतो. सप्टेंबर २०२२च्या 'मर्ज' या अपग्रेडच्या वेळी फी उतरणार अशी समजूत पसरली होती. त्यात सहमतीची पद्धत (पुढचा ब्लॉक कोणता हे ठरवायची रीत) बदलली, जागा वाढली नव्हती.

वेगळं मत : 'वेग' शब्द हद्दपार करायची गरज नाही, कशाचा वेग ते सांगा. व्यवहार ब्लॉकमध्ये शिरणं म्हणजे 'समावेश', त्याला पुरेशी फी दिली तर काही सेकंद. तो उलटवणं जवळजवळ अशक्य होणं म्हणजे 'अंतिमता', त्याला साधारण १३ मिनिटं. मोठी रक्कम स्वीकारणाऱ्याला दुसरा आकडा महत्त्वाचा असतो आणि बातमीत नेमका तोच नसतो. लेयर टूवर (मूळ साखळीच्या वर चालणाऱ्या जाळ्यांवर) तर आणखी गुंता आहे: पावती एकदोन सेकंदांत दिसते, पण ऑप्टिमिस्टिक रोलअप या लेयर टूच्या प्रकारातून मूळ साखळीवर पैसे थेट काढायला साधारण ७ दिवस लागतात.

लेयर टूबद्दल : तिथली फी खरोखर पडली ती मार्च २०२४च्या डेनकुन अपग्रेडनंतर. रोलअप आपला डेटा 'ब्लॉब'मध्ये टाकू लागले. एक ब्लॉब १२८ किलोबाइटचा, साधारण १८ दिवस ठेवायचा आणि नंतर नोड (जाळं चालवणारे संगणक) तो काढून टाकू शकतात. ब्लॉबचा दर तेव्हा गॅसच्या दरापासून वेगळा ठरू लागला. सुरुवातीला ब्लॉकमागे लक्ष्य ३ ब्लॉब आणि कमाल ६ होते. मे २०२५च्या पेक्ट्रा अपग्रेडने ते ६ आणि ९ केले, पुढे ते आणखी वाढले. ब्लॉबच्या जागेला गर्दी झाली की लेयर टूची फीही वाढते. मराठीत 'ब्लॉब' तसाच ठेवावा, 'डेटापुंज' कोणी बोलत नाही.

शेवटची दुरुस्ती : 'गॅस लिमिट' दोन आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. एक ब्लॉकची, वर आली ती. दुसरी तुमच्या व्यवहाराची, वॉलेटमध्ये दिसते ती. ही दुसरी कमी ठेवली तर व्यवहार अर्ध्यात फसतो आणि वापरलेल्या गॅसची फी तरीही जाते. जास्त ठेवली तर न वापरलेल्याचे पैसे कापले जात नाहीत. व्यवहार नुसता अडकून पडला असेल तर ही लिमिट वाढवून उपयोग नाही, दर वाढवावा लागतो: त्याच नॉन्सने (व्यवहाराच्या क्रमांकाने), कमाल दर आणि टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला वरून द्यायची रक्कम) दोन्ही किमान १० टक्क्यांनी चढवून पुन्हा पाठवा. एकच वाढवलं तर बरेच नोड बदली व्यवहार नाकारतात.