क्लाउड जायंटच्या पंगतीला हिल जायंट बसेल का?

इंदिरानगरची_डीएम

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून दर दुसऱ्या शनिवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन चालवतेय. गोष्ट मी सांगते (म्हणून डीएम, डन्जन मास्टर), बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकत ती खेळतात. पाचवी एडिशन, पाच खेळाडू, पार्टी म्हणजे त्यांच्या पात्रांची टोळी नवव्या लेव्हलला. मागच्या सेशनला जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

पार्टी ढगावरच्या एका वाड्यात पोचली. मालकीण क्लाउड जायंट, म्हणजे खेळातल्या महाकाय लोकांच्या सहा कुळांपैकी एका कुळातली. ड्रॅगनविरुद्ध जमवाजमव करायला तिने सगळ्या प्रकारच्या जायंटांना बोलावलंय, असं मी ठरवलं होतं. वर्णनही मन लावून लिहिलं होतं: लांबलचक टेबल, एका टोकाला ती, मग दोन फायर, तीन फ्रॉस्ट, कोपऱ्यात एक स्टोन आणि मधोमध हिल जायंटांची टोळी, सगळे हसतखेळत जेवताहेत. माझा धाकटा भाऊ गोलायथ, म्हणजे जायंटांच्या वंशातलं धिप्पाड पात्र, खेळतो. २०२४ च्या नियमांत गोलायथला कुठल्या जायंटांचा वंश ते निवडावं लागतं, त्याने हिल निवडलाय. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "ताई, हे सगळे एका पंगतीत बसले कसे? आपल्याकडे लग्नात दोन मामांना एका रांगेत बसवताना काय झालं होतं, आठवतंय ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सगळे जायंटच आहेत, भाऊबंद आहेत," असं म्हणून मी पुढे गेले. त्यानंतर त्या दालनातला जीवच गेला. खेळाडू एकेका जायंटकडे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) म्हणून बघायला लागले. हिलचे १०५, फ्रॉस्टचे १३८, फायरचे १६२, क्लाउडचे २००. कोणाशी बोलावं असं कोणाला वाटेना. नऊ वाजताच आवरतं घेतलं.

मग आठवडाभर रात्री बसून वाचलं. ऑर्डनिंग म्हणून एक उतरंड आहे: वरून खाली स्टॉर्म, क्लाउड, फायर, फ्रॉस्ट, स्टोन, हिल. सगळ्यांचा आदिपिता अन्नम. त्याचे मुलगे म्हणजे एकेका कुळाचे देव: स्टॉर्मचा स्ट्रोनमॉस, क्लाउडचा मेमनॉर, फायरचा सुर्तुर, फ्रॉस्टचा थ्रिम, स्टोनचा स्कोरेअस, हिलचा ग्रोलँटॉर. क्रम कळला. पण क्रमाने दालन उभं राहत नाही. कोण बसतं, कोण उभं राहतं, आधी कोण बोलतं? फायर आणि क्लाउड दोघांचं चॅलेंज रेटिंग (लढायला किती अवघड तो आकडा) ९ आहे, मग फायरने क्लाउडचं का ऐकावं? आणि माझ्या भावाच्या गोलायथकडे ही मंडळी कशी बघतील?

पुढचा शनिवार यायच्या आत मला हे दालन परत उभं करायचंय.

नाशिकरोड_वीसफासा

ताई, भावाने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

उतरंडी दोन आहेत, एकीच्या पोटात दुसरी. कुळाकुळांमधली जन्माने ठरते आणि हलत नाही. हिल जायंट कितीही गाजला तरी स्टोनच्या वर जात नाही. पण प्रत्येक कुळाच्या आत पुन्हा क्रम लागतो, तो कर्तबगारीवर. आणि कर्तबगारी कशाला म्हणायचं, हे सहा ठिकाणी सहा तऱ्हांचं. हिलमध्ये जो सगळ्यात जास्त खातो आणि ज्याचा देह सगळ्यात मोठा, तो मुखिया. स्टोनमध्ये दगडातलं कोरीवकाम. फ्रॉस्टमध्ये अंगातली रग. फायरमध्ये भट्टीवरचा हात आणि रणातली शिस्त. क्लाउडमध्ये संपत्ती, पण तिजोरीत पडलेली कामाची नाही, ती चारचौघांत दिसली पाहिजे, भेट म्हणून देता आली पाहिजे, पैजेवर लावता आली पाहिजे. स्टॉर्म बहुतेक एकटे राहतात, समुद्राच्या तळाशी नाहीतर शिखरावर, आणि शकुन-संकेत वाचतात.

आता हे सगळे एका छपराखाली आणा. कोणालाच दुसऱ्याचं माप कळत नाही. हिलचा मुखिया स्टोन जायंटकडे बघतो आणि त्याला दिसतं काय, तर हा पोटभर जेवतही नाही, मग माझ्या वर कसा? फ्रॉस्टचा सरदार २१ फूट उंच, फायर १८ फूट. फ्रॉस्टला मान खाली घालून त्याच्याकडे बघावं लागतं, आणि तरी आधी बोलायचा मान फायरचा. एवढं एक चित्र टेबलावर ठेवा. लढाई न करता ती खोली तापते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चॅलेंज रेटिंग आपल्याला दिसतं, त्यांना नाही. फायर ऐकतो कारण न ऐकणं हे 'मॉग' आहे. जायंटांच्या भाषेत 'मात' म्हणजे शोभणारं, मानाचं. 'मॉग' म्हणजे न शोभणारं. यात आपलं चांगलं-वाईट शोधू नका. माणसांचं गाव लुटणारा जायंट आपल्या लोकांत 'मात' असू शकतो. वरच्या कुळाचा शब्द मोडला की मात्र 'मॉग'.

म्हणून मालकिणीला आरडाओरडा करायला लावू नका. तिने फायरला नुसतं "भट्टी कशी आहे?" विचारावं आणि उत्तर संपायच्या आत तोंड फिरवावं.

सातपूर_सेकंडशिफ्ट

वरचं उत्तर उत्तम आहे, पण एका जागी थांबतो. भावाने लग्नातल्या मामांची आठवण काढली, आणि मी खूप टेबलांवर बघितलंय की ऑर्डनिंग म्हणजे 'मानपान' असं समजून ते सोडवलं जातं. मानपान वेगळा. रुसलेल्या मामाची समजूत काढता येते, पुढच्या कार्यात त्याला आधी टोपी-उपरणं देता येतं. ऑर्डनिंगमध्ये हिल जायंटची समजूत कोणी काढत नाही. त्याची जागा त्याच्या जन्माआधी ठरलेली आहे.

आपण नाशिकचे लोक आहोत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच गावात २ मार्च १९३० ला सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं दाराशी उभी राहिली, आणि दार उघडलं नाही. माझ्या घरात त्या दिवसांबद्दल बोललं जातं. त्यामुळे टेबलावर 'जन्माने खालचा' असं कोणी सहज म्हणालं की माझा हात फाशावरच थांबतो. याचा अर्थ हा विषय खेळू नये असा नाही. मी स्वतः खेळतो, आणि मला तो खेळायचाच असतो. फक्त पहिल्या सेशनला सगळ्यांना विचारून घेतो, आणि दोन गोष्टी पाळतो.

हिल जायंटला विनोदाचं पात्र करत नाही. पुस्तकात त्याची बुद्धी ५ लिहिलीय, ठीक आहे. पण भूक, अपमान आणि आपल्या माणसांची काळजी कळायला ५ पुरते.

दुसरं, ही उतरंड कधीच हलणार नाही असं धरून चालत नाही. २०१६ साली जायंटांवर जे मोठं कॅम्पेन आलं त्यात खुद्द अन्नमच ऑर्डनिंग मोडून टाकतो, जायंट सुस्त झाले म्हणून. मग जो तो वर चढायला आपल्याला जमतं तेच करतो. हिलची राणी खात सुटते, स्टोन माणसांची शहरं फोडायला निघतात, फ्रॉस्टला कायमचा हिवाळा हवा असतो, फायर ड्रॅगन मारायला एक अजस्र पुतळा जुळवायला घेतात, क्लाउड ड्रॅगनांची जुनी जादू शोधतात. नीट बघा, उतरंड मोडल्यावरही कोणी दुसऱ्याचं माप उचललं नाही. मला त्या कॅम्पेनमधली ही सगळ्यात खरी गोष्ट वाटते.

ताई, तुमच्या वाड्यात ऑर्डनिंग शाबूत आहे की मोडलंय, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावर आहे.

जुने_मॉड्यूल_जपणारा

एक छोटी भर. तुमचं पहिलं दालन अगदीच चुकीचं नव्हतं. १९७८ मध्ये या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने जायंटांवर ओळीने तीन मॉड्यूल (छापील तयार साहसं) लिहिली: हिलची गढी, फ्रॉस्टची हिमदरी, फायरच्या राजाचं दालन. त्यातल्या पहिल्यात हिलच्या मुखियाच्या मेजवानीला एक क्लाउड जायंट आणि काही स्टोन जायंट पाहुणे म्हणून बसलेले आहेत. कारण मागून ड्राओ (जमिनीखाली राहणारे एल्फ) सूत्रं हलवत असतात, सगळ्यांना एकत्र त्यांनी आणलेलं असतं. ऑर्डनिंग खेळात बऱ्याच नंतर आलं.

तेव्हा ही कुळं एकत्र जेवू शकतात, पण मग खेळाडूंना वास आला पाहिजे की यांना कोणीतरी जेवायला बसवलंय. भावाला तो आलाच होता.

पांडवलेणी_पायथा

स्टोन जायंटबद्दल फारसं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझं आवडतं कुळ आहे.

ते डोंगराच्या पोटात राहतात आणि त्यांच्या लेखी खरं जग तेवढंच. वर उघड्या आभाळाखाली जे आहे ते स्वप्न. तिथे केलेलं काही खरं नसतं, तिथे दिलेला शब्दही नाही. आणि तुम्ही त्याला ढगावर नेऊन बसवलंय! त्या दालनातला सगळ्यात शांत आणि सगळ्यात धोक्याचा पाहुणा तो आहे. फ्रॉस्ट चिडेल तेव्हा दिसेल तरी. स्टोन जायंट उठून मालकिणीच्या डोक्यात खांब घालेल आणि त्याला वाटेल आपण झोपेत कूस बदलली.

त्याचं घर कसं दिसतं हे खेळाडूंना सांगायचं असेल तर एका रविवारी सगळ्यांना घेऊन पांडवलेण्यांना चढून या. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली बघा. दगडात कोरलेले धिप्पाड पुरुष अर्धे जमिनीतून वर आलेत आणि अख्ख्या ओसरीच्या तुळया खांद्यावर पेलताहेत. मी माझ्या टेबलाला तिथेच नेलं होतं. मुलं कठड्याला टेकून गप्प उभी राहिली, पुढच्या सेशनला वेगळं वर्णन करावं लागलं नाही.

इंदिरानगरची_डीएम

काल सेशन झालं. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी टेबलावर सगळ्यांना विचारलं, सातपूरच्या दादांनी सांगितलं तसं. माझी मैत्रीण म्हणाली, चालेल, पण मला त्या दालनात काही करता आलं पाहिजे, नुसतं बघत बसायचं नाही. मग मी मोकळेपणाने सांगितलं की मागचं दालन माझं चुकलं होतं, ते पुसून परत मांडते. कोणी हरकत घेतली नाही.

ऑर्डनिंग शाबूत ठेवलं. टेबलाच्या टोकाची मोठी खुर्ची रिकामी, ती स्टॉर्म जायंटची. मालकीण तिच्या शेजारच्या खुर्चीत, आपल्याच घरात दुसऱ्या जागेवर. स्टॉर्म आलेला नाही, तरी त्याच्याशिवाय काही सुरू होत नाही. अंगणाच्या हौदात मी एक दगडी पुतळा उभा केला. पाणी त्याच्या कुठवर चढलंय यावरून स्टॉर्मची मर्जी कळते. आपण पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला हे विचारतो ना, तसं. दर थोड्या वेळाने प्रत्येक जायंट नकळत त्या बाजूला बघतो. खेळाडूही बघायला लागले, मी सांगायच्या आधी.

फायरसाठी मी माझे आजोबा आठवले. तांबट लेनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. कोणाच्याही घरी गेले की हातात आलेल्या घागरीला आधी नखाने टिचकी मारायचे आणि कान द्यायचे. नाद बसका आला तर घरच्यांना काही बोलायचे नाहीत, फक्त घागर हळूच खाली ठेवायचे. फायर जायंटला मालकिणीने सोन्याचं ताट वाढलं तेव्हा त्याने ताटाला तशीच टिचकी मारली, ऐकलं, आणि ताट खाली ठेवलं. बोलला काही नाही. मालकिणीला त्याचा अर्थ कळला नाही, कारण तिच्या मापात ते ताट म्हणजे वजन आणि झळाळी. मैत्रिणीच्या रॉगला (चोरट्या हातांच्या पात्राला) कळला. ती जाऊन फायरशेजारी उभी राहिली आणि विचारलं, "ठोक कुठे चुकलाय?" पुढची वीस मिनिटं ते दोघं धातूबद्दल बोलत होते. निघताना पार्टीला त्याच्या भट्टीचं आमंत्रण होतं. फासा एकदाच टाकला.

हिलच्या मुखियाला दालनात जागा नव्हती. तो पायऱ्यांवर. त्याला जेवण पाठवलं होतं, भरपूर पाठवलं होतं, आठ बैल, कारण देणं हा मालकिणीचा मोठेपणा. मी मुखियाला ते खायला लावलं नाही. जो जास्त खातो तो मोठा, अशा कुळातला मुखिया समोर आठ बैल असताना हात लावत नाही. त्याची माणसं मागे भुकेली उभी, त्याच्याकडे बघताहेत, आणि तो दाराकडे बघतोय.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माझा गोलायथ दालनातून उठतो. मालकिणीने त्याला पाहुणा म्हणून मधे जागा दिली होती, तिच्या दृष्टीने गोलायथ ही एक दाखवायची चीज. तो पायऱ्यांवर जाऊन मुखियाशेजारी बसला आणि जायंटांच्या भाषेत विचारलं, "तुझ्या लोकांनी खाल्लं का?" मुखियाने पहिल्यांदा दाराकडून नजर काढली. मग दोघांनी मिळून एक बैल ओढला, तुकडे केले, आणि आधी मागच्यांना वाढले. मुखियाने स्वतः सगळ्यात शेवटी घेतलं. आपल्या कुळाच्या मापाने तो त्या क्षणी लहान झाला होता आणि त्याच्यामागचा एकही जण हलला नाही.

आतून मालकिणीने हे बघितलं. तिचा मुखवटा अर्धा हसरा आणि अर्धा रडवा आहे. तिने रडवी बाजू त्यांच्याकडे केली आणि बघत राहिली. स्टोन जायंट स्वप्नातल्यासारखा सगळ्यांमधून चालत पुतळ्यापाशी गेला आणि त्याच्या खांद्यावरून बोट फिरवू लागला, कोरीव काम तपासत.

तिथे थांबलो, साडेअकरा वाजले होते. पाणी पुतळ्याच्या छातीला लावून ठेवलंय.