चंद्रपूरच्या दारूबंदीने काय शिकवलं? कडक कायद्याने समाज सुधारतो का?

झरपटकाठ
परवा एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा तोच विषय निघाला. "कायदे कडक करा, सगळे सुतासारखे सरळ होतील." मी चंद्रपूरचा. १ एप्रिल २०१५ ला आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. मधली सहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो, नुसत्या कडकपणाने काही होत नाही. वर्धा नदी ओलांडली की वणी. तो यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडीच. संध्याकाळी पुलावर मोटरसायकलींची रांग लागायची. ज्यांना तिकडे जाणं जमत नव्हतं त्यांना गल्लीत दुपटीने पव्वा मिळायचा, आणि तो पोचवायला सोळा-सतरा वर्षांची पोरं. आमच्या शेजारचा एक मुलगा दहावीच्या दप्तरात वह्यांमध्ये बाटल्या गुंडाळून न्यायचा, खळखळ होऊ नये म्हणून. त्याची शाळा सुटली ती सुटलीच.

गुजरातने तर २००९ च्या दुरुस्तीत विषारी दारूने माणूस मेला तर ती बनवणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा ठेवली. तरी जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. फाशीपेक्षा कडक आणखी काय आणणार?

आडवी_बाटली
दादा, तुम्हाला पुलावरची रांग दिसली. मला आमचं घर दिसलं. माझी आई धानाच्या रोवणीला जायची. मजुरीची नोट पदराच्या गाठीत बांधायची आणि भट्टीवरून न जाता बांधाबांधाने लांबून घरी यायची, कारण भट्टीपुढे बाप उभा असायचा. बंदी आली, भाव दुप्पट झाला, तसं रोजचं पिणं आठवड्यातून दोनदावर आलं. बाकीचे दिवस तो आमच्या पंगतीला बसून जेवायचा. सुधारला असं मी म्हणत नाही. पण त्या सहा वर्षांत आईच्या पाठीवर वळ नव्हते.

आणि ही बंदी सरकारने वरून लादलेली नव्हती. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर हजारो बायका पायी गेल्या होत्या, तिथून तिची मागणी पेटली. विषारी दारूचं म्हणाल, तर २०१५ मध्येच मालवणीत शंभरावर माणसं मेली. मुंबईत कुठे होती बंदी?

कोर्टाची_पायरी
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण मी विदर्भातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो, तिथलं सांगतो. दारूच्या केसेसमध्ये पंच पुन्हा पुन्हा तेच दोघे-तिघे. साक्षीला उभे राहिले की उलटतात, आरोपी सुटतो. जो वर्षभर तारखांना चकरा मारतो तो पाच बाटल्या नेणारा रोजमजूर. माल पाठवणारा एकदाही कठड्यात उभा राहिलेला मी पाहिला नाही. कुंपणानेच शेत खाल्लं तर शिक्षेची वर्षं वाढवून काय उपयोग?

बिहारने २०१६ मध्ये फार कडक कायदा केला, अख्ख्या गावाला सामूहिक दंड करायची सोयही त्यात होती. कोर्टांत जामीन अर्जांचे ढीग लागले. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी दूरदृष्टीविना केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून तोच घेतला. शेवटी २०२२ मध्ये पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला दंडावर सोडायची दुरुस्ती करावी लागली.

धानोरा_रोड
गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चोरून येते, मोहाचीही निघते, ते नाकारत नाही. पण आधी काही वर्षं गावोगावी बैठका झाल्या, मग बंदी आली. २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेच्या गावसंघटना आहेत, व्यसन सोडवायला तालुक्यांत दवाखाने आहेत. चंद्रपुरात कायदा आला, पिणाऱ्याच्या उपचाराचं काय केलं? हात थरथरणाऱ्या माणसाला नुसता दंडुका दाखवून तो कसा थांबेल?

झरपटकाठ
हे पटलं. ताई, घरातलं मी पाहिलं नव्हतं, तेवढं मान्य करतो. पण त्या दप्तरवाल्या पोराला मी विसरू शकत नाही. बंदी हवी असेल तर आधी पुरवठादार धरा.

आडवी_बाटली
धराच. मी कुठे नको म्हणते? पण कायदा कोणासाठी कडक आहे तेही बघा. गावातलं दुकान बंद करायचं तर मतदान होतं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. आडवी बाटली जिंकायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हेत. म्हणजे जी बाई त्या दिवशी बाहेरगावी कामाला गेली, जी आजारी, जिला नवऱ्याने कोंडून ठेवलं, ती सगळी मतं उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडतात. आमदाराला तरी हा नियम लावतात का? आमच्या गावात मतदान ऐन रोवणीत ठेवलं होतं. आलेल्या बायकांनी भरभरून आडवी बाटली निवडली, तरी आम्ही हरलो.

यंदा पुन्हा अर्ज करतोय. वकीलसाहेब, मसुदा तपासून द्याल का?

कोर्टाची_पायरी
पाठवा. सोबत मतदारयादी जोडा, आणि मृत व लग्न होऊन गेलेल्या बायकांची नावं आधी कमी करून घ्या. एकूण आकडा तिथेच फुगतो.