तातडीची मदत हवी: सापाच्या इंजेक्शनच्या १० व्हायल कुठे मिळतील?

रानमोडी
काकांना साप चावलाय. सरकारी दवाखान्यात होत्या तेवढ्या १० व्हायल दिल्या. सूज उतरत नाही म्हणून आणखी १० बाहेरून आणायला सांगितल्यात. बरीच मेडिकल पालथी घातली, एकाने २ दिल्या. बाकीच्या कुठे मिळतील? माहीत असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

गारवा
आधी गाव तरी सांगा. नांदेडला आहात की नाशकात?

ओली_माती
हे औषध हाफकिन बनवतं, परळचं. आमच्या नारायणगावलाही कारखाना आहे. थेट तिथे फोन लावा.

गारवा
@ओली_माती, कारखान्याच्या गेटवर सुट्या व्हायल मिळतात का? काहीही.

रानमोडी
सिंधुदुर्ग.

खाडीकाठ
मग बसलात कशाला? १०८ बोलवा आणि बांबोळीला न्या, गोवा मेडिकलला. आमच्याकडचे पेशंट शेवटी तिथेच जातात.

खेड्यातला_डॉक्टर
साप कोणता? केव्हा, कुठे चावला? पापण्या जड झाल्यात का? हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त? आणि मुख्य म्हणजे २० मिनिटांची चाचणी केली का? काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि नळी तिरकी करून गोठलंय का बघतात. घोणस-फुरशाच्या दंशात पुढचा डोस त्यावर ठरतो, नुसत्या सुजेवर नाही.

रानमोडी
साप कोणता याने व्हायल मिळायला काय फरक पडणार? घोणस होती म्हणतात. काका शुद्धीवर आहेत, सकाळी चहा घेतला. हात मात्र कोपरापर्यंत टम्म.

सातबारा
काका शेतकरी असतील तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश बसतो. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा, नंतर त्यावाचून अडतं.

रानमोडी
अहो, काका जिवंत आहेत!!

माडावरचो
आमच्या वाडीत एकाक फुरसा चावलेला. भगतान मुळी उगाळून दिल्यान, दुसऱ्या दिसाक माणूस शेतात.

खेड्यातला_डॉक्टर
विषारी साप चावतो तेव्हा दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंश असला की मुळीही लागू पडते आणि गंडाही. मण्यार चावलेल्याला मुळी देत बसलात तर सकाळपर्यंत श्वास थांबतो. रानमोडी, चाचणीचं काय?

निशिगंधा७
मण्यारीवरून आठवलं, आम्ही पावसाळ्यात खाली झोपणं बंद केलंय. ती रात्री अंथरुणात शिरते, चावल्याचं धड कळतही नाही, पोटात दुखतंय म्हणून लोक ओवा खात बसतात. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

गारवा
हात म्हणजे बोट की मनगट? आणि काका करत काय होते?

रानमोडी
बोट. काल संध्याकाळी बांबू तोडत होते. साप बेटातच होता, मारून बरणीत घालून आणलाय. हिरवागार, हातभर, डोकं तिकोनी.

ओली_माती
हिरवा? मग हरणटोळ. निमविषारी असतो, घरी न्या.

खाडीकाठ
हरणटोळ दोरीसारखा बारीक, तोंड टोकदार. त्याने हात कोपरापर्यंत सुजेल? हा हिरवा चापडा. बांबूच्या बेटात आणखी काय असणार? घोणस तपकिरी असते, अंगावर साखळीसारखे ठिपके.

खेड्यातला_डॉक्टर
वर्णन चापड्याचंच वाटतंय, तरी बरणी तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आपलं एएसव्ही, म्हणजे हेच सापाचं इंजेक्शन, चारच सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चापडा त्यात नाही. म्हणजे आणखी १० काय, २० व्हायल दिल्या तरी ही सूज त्यांनी उतरायची नाही, उलट रिअॅक्शनचा धोका. चापड्याने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि ठणका पुष्कळ. रक्त गोठण्यातही कधी बिघाड होतो, म्हणून चाचणी दर सहा तासांनी. गोठत नसेल, लघवी कमी झाली किंवा बोटं गार-बधिर पडली तर खाडीकाठ म्हणतात तसं बांबोळी, आणि लगेच. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, ब्रुफेन-डायक्लोफेनॅक नको. घट्ट काही बांधलं होतं का?

रानमोडी
पंचा. इथे आल्यावर सोडला, दीड-दोन तास होता.

खेड्यातला_डॉक्टर
सुजेत त्याचाही हात आहे मग. हेही तिथे सांगा.

निशिगंधा७
चापड्यावर औषधच नाही? इतके साप आपल्याकडे!

खाडीकाठ
नाही. विष येतं तमिळनाडूतल्या इरुळ आदिवासींच्या सोसायटीतून, तेही या चौघांचंच. सह्याद्रीतल्या चापड्यांसाठी कोण कारखाना काढणार?

ओली_माती
नारायणगावला काढतील.

रानमोडी
बरणी दाखवली. मोठ्या डॉक्टरांनी बघून पुढच्या व्हायल थांबवल्या. रक्त गोठतंय, सहा तासांनी पुन्हा बघणार. हात उशीवर ठेवलाय. आता त्या २ व्हायल मेडिकलवाला परत घेईल का?

गारवा
लेबल बघा. पातळ औषध असेल तर २ ते ८ अंशांत ठेवायला हवं, ते बाहेर राहिलं असेल तर तो घेणार नाही, घेऊही नये. भुकटीची असेल तर बिल घेऊन जा.

रानमोडी
भुकटी आहे. बिल घेतलं नव्हतं.