मदत हवी आहे: सिनारिओ कव्हरेज 'किती टक्के' हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत कामाला आहे. गाडीनं आपोआप ब्रेक लावणं आणि लेन धरून चालणं, ह्या दोन गोष्टींचं सॉफ्टवेअर सिम्युलेटरवर तपासणं हे आमचं काम. सिनारिओंचा, म्हणजे तपासायच्या रस्त्यावरच्या प्रसंगांचा, कॅटलॉग ग्राहकाकडून तयार आला: पुढची गाडी एकदम थांबते, बाजूची गाडी मध्ये घुसते, पादचारी रस्ता ओलांडतो वगैरे. सगळे पास झाले. आता तीच प्रणाली गोव्यातल्या रस्त्यांवर आणायचं घाटतंय आणि साहेबांना बैठकीत सांगायला एक आकडा हवाय, कव्हरेज (म्हणजे प्रसंगांपैकी किती तपासून झाले) किती टक्के?

कशाचे टक्के, इथेच माझं अडलंय. कॅटलॉगचे म्हणाल तर शंभर.

आता पोदेर घ्या. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पोदेर म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणारा.) मागे हँडलपेक्षा रुंद टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक. पों-पों करत येतो, गिऱ्हाईक दिसलं की हात न दाखवता थांबतो, आणि उजव्या बाजूच्या घरातून हाक आली तर रस्ता आडवा कापतो. गावातल्या चालकाला भोंगा ऐकूनच कळतं की हा कुठेही थांबेल. कॅमेऱ्याला भोंगा ऐकू येत नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये 'सायकलस्वार' आहे: वेग ताशी 10 ते 25 किमी, ठरावीक रुंदी, सरळ जाणारा. मग पोदेर कव्हर झाला की नाही? आमच्या चमूत ह्यावरून दोन तट पडलेत.

दुसरा प्रश्न. एका सिनारिओत वेग, अंतर, पाऊस, उजेड, वळण असे 8 घटक आणि प्रत्येकाच्या 6 किमती धरल्या तरी 16,79,616 जोडण्या होतात. त्यातल्या कुठल्या चालवल्या म्हणजे 'पुरेसं' म्हणता येईल? की सरळ गाडी घेऊन एनएच 66 वर किलोमीटर मोजत बसायचं?

– वेर्णेकर

घाटवळण:
किलोमीटरचा नाद सोडा. अमेरिकेतल्या रँड ह्या संशोधन संस्थेनं 2016 मध्ये हिशेब मांडला होता: अमेरिकेतल्या मृत्युदराइतकी तरी सुरक्षितता 95 टक्के खात्रीनं दाखवायची, तर एकही प्राणघातक अपघात न होता 27.5 कोटी मैल, म्हणजे सुमारे 44 कोटी किमी गाडी चालवावी लागेल. त्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुने किलोमीटर कितपत धरायचे, हा वाद पुन्हा आहेच.

साहेबांना एक आकडा देऊ नका, तीन द्या, आणि प्रत्येकाचा छेद काय ते लिहा.

पहिला, रस्त्याचा. प्रणाली कुठे, कधी, कशा हवेत चालणार ती हद्द आधी लिहून काढा. जर्मनीच्या पेगासस ह्या स्वयंचलित गाड्या तपासण्याच्या प्रकल्पातले थर ह्याला बरे पडतात: रस्ता, त्यावरची साधनं, तात्पुरते बदल, हलणाऱ्या वस्तू, हवामान, डिजिटल माहिती. तुमचा कॅटलॉग 'तात्पुरते बदल' ह्या थरात रिकामा असेल ह्यावर पैज लावतो. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात वाहतूक कशी वळवत होते आठवा.

दुसरा, घटकांचा. सगळ्या जोडण्या चालवायची गरज नाही. कुठल्याही दोन घटकांच्या किमतींची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढी अट घातली, तर तुमचे पावणेसतरा लाख शंभराच्या आत येतात. तीन-तीन घटकांची अट घातली की संख्या वाढते, तरी आवाक्यात राहते. मात्र जोड्यांचं कव्हरेज शंभर टक्के झालं म्हणून धोका संपला असं नाही. टक्कर होते आणि टळते ह्यांच्या सीमेवर जाळं बारीक करा, म्हणजे तिथे घटकांच्या किमती जवळजवळच्या घ्या. लांबच्या निवांत जोडण्या हजार चालवल्या तरी नवं काही कळत नाही.

तिसरा, न पाहिलेल्याचा. आयएसओ 21448 (काही बिघडलेलं नसतानाही गाडीच्या प्रणालीतून उद्भवणाऱ्या धोक्यांचं मानक) ज्याला 'अज्ञात आणि असुरक्षित' भाग म्हणतं तो. ह्याचा अंदाज गुड-ट्युरिंग पद्धतीनं येतो. रस्त्यावरच्या नोंदींचे प्रकार पाडा आणि फक्त एकदाच दिसलेले प्रकार मोजा. 2000 नोंदींत असे 40 प्रकार निघाले, तर पुढची नोंद अगदी नव्या प्रकारची असण्याची शक्यता साधारण 2 टक्के. पण नोंदी सगळ्या मे महिन्यातल्या असतील तर जुलैबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

मांडवीपार:
पोदेराचं उत्तर सोपं आहे हो. 'सायकलस्वार' हे झालं नाव. सिनारिओ ठरतो घटकांवर आणि त्यांच्या कक्षेवर. टोपलीची रुंदी, थांबण्याआधीचा इशारा, आडवं जाण्याचा कोन हे घटक तुमच्यात नाहीतच, मग कव्हर कसा होईल? 'पोदेर' असा वेगळा सिनारिओ करू नका, नाहीतर उद्या मासळीवाला, परवा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला), तेरवा भाड्याच्या स्कूटरवरचा पर्यटक, यादी संपायची नाही. घटक वाढवा, बरेचसे त्यात बसतील.

घाटवळण:
+1. आणि प्रत्येक टक्कर प्रणालीच्या माथी मारू नका. आपोआप लेन धरून चालणाऱ्या गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर 157 नियमात 'सक्षम आणि सावध' चालकाचा नमुना दिलाय: धोका ओळखायला 0.4 सेकंद, ब्रेक लागायला 0.75 सेकंद. त्यालाही जी टक्कर टळली नसती ती वेगळ्या खान्यात ठेवा. तो नमुना महामार्गावर मध्ये घुसणाऱ्या गाडीसाठी आहे, गावातल्या गल्लीला जसाच्या तसा लावू नका.

वेर्णेकर:
देव बरें करूं! थरांचा तक्ता आजच काढला. तिसरा थर खरंच कोरा आहे, पैज जिंकलात. हवामानाच्या खान्यात 'पाऊस: हो/नाही' एवढंच निघालं, आणि हे गोव्यात!

एक अजून विचारतो. जुलैतला पाऊस सिम्युलेटरमध्ये घालायचा तर थेंबांचा पडदा दाखवून भागेल, की समोरच्या ट्रकनं काचेवर उडवलेलं चिखलपाणी आणि पाण्याखाली गेलेले लेनचे पट्टे वेगवेगळे घटक धरायचे? कुणी कुठ्ठाळी ते काणकोण पट्ट्यात पावसाळ्यात डॅशकॅम लावून चित्रण केलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चेहरे आणि नंबरप्लेट पुसून वापरू.

मांडवीपार:
वेगवेगळे धरा. थेंबांनी दिसायचं कमी होतं, चिखलपाण्यानं काही क्षण दिसायचंच बंद होतं, आणि पट्टे बुडाले तर कॅमेरा ठणठणीत असूनही लेन सापडत नाही. तिन्हींत प्रणालीनं करायचं ते वेगळं. चित्रण आहे माझ्याकडे, व्यनि बघा.